कच्ची गाठ, पिकलेली गाठ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडले, "सुटली! मनाची गाठ सुटली!" तीन आठवडे अंथरुणाला खिळलेली माझी जाऊ उठली आणि चक्क हसली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी मला कोपर मारलं. "बघ! तुझ्या डॉक्टरणीला जमलं का?"

जमणार कसं? गोळ्यांचं पाकीट कपाटात तसंच पडून होतं.

दहा दिवसांत धाकटी भिंगरी झाली. दोन तासांची झोप, दिवसभर शिलाई मशीन, तोंडाला खळ नाही. बाबा तिला शेजारी बसवून म्हणायचे, "शक्ती शिरलीय हिच्यात!" मला मात्र धडकी भरली होती. मागच्या खेपेला अशाच भरारीनंतर ती कोसळली, तेव्हा तिला गच्चीच्या कठड्यावरून मीच मागे ओढलं होतं.

घरात सांगून थकले. दीर म्हणाला, "वहिनी, तिचा स्वभावच तसा." सासूबाई म्हणाल्या, "एवढं देवाचं करतेस, आणि बाबांवर शंका?"

शेवटी एकटीच माझी वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. रोज पहाटे मी देवाचं नाव एकशे आठ वेळा लिहिते आणि खाली ज्याच्यासाठी मागायचं त्याची एक ओळ. 'धाकटी आज उठली नाही.' 'धाकटी आज फार बोलते.' सलग तीन वर्षं.

त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या. "चार वेळा पडली. एकोणीस दिवस, तेवीस, वीस, एकवीस. चारही वेळा उठली. बाबा कितव्या वेळी आले?"

"चौथ्या."

"मग आधी तीनदा कोणी उठवली?"

मी त्या खुणा पुन्हा मोजल्या. मग दिराचं म्हणणं सांगितलं.

"चढ-उताराचा स्वभाव म्हणजे आजार नव्हे," त्या म्हणाल्या. "कित्येकांचा जन्म त्यात सुखानं जातो. अशा माणसांना पुढे आजार होण्याची शक्यता जरा जास्त, एवढंच. पण झोप उडाली, जीव नकोसा झाला, की त्याला स्वभाव म्हणून सोडून द्यायचं नाही. आत्ताची भरारीही आजारातलीच. लवकर आणा तिला."

बाबांच्या पुढच्या बैठकीला सभागृहाच्या दारातल्या टेबलाशी मी मुद्दाम रेंगाळले. तिथली बाई प्रत्येकाला विचारत होती, "किती दिवस झाले?" आमच्या गल्लीतल्या बेकरीवालीची बहीण चार दिवसांपासून पडून होती. उत्तर आलं, "गाठ कच्ची आहे. पंधरा दिवसांनी आणा." पुढच्याच्या भावाला वीस दिवस झाले होते. "पिकलीय. आत घ्या." उठायला टेकलेली माणसं तेवढी आत घ्यायची!

मी आत बाबांपुढे जाऊन वही वाचू लागले. आवाज माझा मेला बारीक. बेकरीवाली ओरडली, "मोठ्यानं वाचा, ताई!"

सगळ्या तारखा वाचल्या, टेबलाशी ऐकलेलंही सांगितलं. बाबा गोड हसले. "माउली, देवाच्या नावाच्या वहीत शंका लिहिता?"

"शंका नाही, तारखा," मी म्हटलं. "देवाचं नाव वर आहे, म्हणून खाली खोटं लिहवलं नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बेकरीवाली उठून गेली. बाकीचे? बसून राहिले. रांगही हलली नाही. इतका संताप आला की डोळे भरून आले.

तेवढ्यात धाकटी बाबांच्या शेजारून उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हळू बोलली. "ताई, मी परत पडणार?"

"पडशीलही. पण या वेळी आधी कळलंय ना. चल."

बायांनो, तुमच्या घरातही असं कुणी असेल. दिवस मोजा, लिहून ठेवा, आणि ते डॉक्टरांना दाखवा. माणूस आपोआप उठायच्या बेताला आलं की त्याच्या डोक्यावर हात कुणीही ठेवील. व्रत मीही सोडलेलं नाही. एकशे आठ नावं रोज होतात, आणि खालची ओळ आता धाकटी स्वतः लिहिते: 'आज गोळी घेतली.'