पाहणीसाठी शिवलेला पडदा

टेलरबाईच्या खोलीच्या तीन भिंती गुणाच्या होत्या आणि चौथी नाठाळ. तिच्यातून बारा महिने ओल झिरपायची, रंग फुगून पापुद्रे सुटायचे आणि खाली काळी बुरशी हातपाय पसरायची. नेमकी त्याच भिंतीला सासऱ्यांची कॉट होती. मशीनला खिडकीचा उजेड हवा, दार उघडायला जागा हवी. उरलेल्या जागेत म्हातारा माणूस मावला तो तिथेच.

सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. मुलगा दुसरा संसार थाटून चालता झाला तेव्हा त्यांनी त्याच्याबरोबर जायला साफ नकार दिला. "गाडी बंद पडली म्हणून मी कधी पॅसेंजर सोडून पळालो नाही," म्हणाले, आणि सुनेकडेच राहिले. आता त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, औषधं मी देते, पण त्या भिंतीशेजारी आणखी एक हिवाळा काढू नका.

म्हणून नव्या इमारतीतलं घर हवं होतं. कमी भाड्याची ती इमारत गृहनिर्माण कार्यालय आणि एक सेवाभावी संस्था मिळून उभी करत होती. बांधायची कार्यालयाने, चालवायची संस्थेने आणि भाडेकरू निवडायचे दोघांनी. गोम इथेच होती. कार्यालयाला हवा होता गरजू माणूस, ज्याचं आत्ताचं घर राहण्यालायक नाही असा. संस्थेला हवा होता नीटनेटका माणूस, नवं घर जपेल असा. पडक्या घरात टापटिपीने राहणारा माणूस कुठून पैदा करायचा, हे दोघांपैकी कुणीच सांगत नव्हतं. दोघं वेगवेगळ्या दिवशी पाहणीला यायचे, त्यामुळे कुणाचं काही अडतही नव्हतं.

टेलरबाई काही दुधखुळी नव्हती. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून उरलेले तुकडे जोडून, कडेला झालर लावून तिने एक झकास पडदा शिवला आणि चौथ्या भिंतीवर दोरीला अडकवला. संस्थेच्या ताई यायच्या तेव्हा पडदा ओढलेला. "किती छान ठेवलंय हो घर!" ताई म्हणायच्या आणि पडद्यावरून मायेने हात फिरवायच्या. कार्यालयाचे साहेब यायचे तेव्हा पडदा बाजूला. साहेब भिंतीला ओल मोजायचं यंत्र टेकवायचे, ते केकाटायचं आणि साहेबांचा चेहरा खुलायचा. याला कुणी लबाडी म्हणणार असेल तर खुशाल म्हणावं. गिऱ्हाइकाच्या मापाने शिवणं हाच तिचा धंदा होता.

मग एक दिवस निरोप आला की यापुढे दोन्हीकडचे लोक एकत्रच येणार. संयुक्त पाहणी. तेच निर्णय देणार.

"झालं कल्याण," टेलरबाई म्हणाली. "बाबा, आता पडदा उघडा ठेवू की बंद?"

"अर्धा ठेव," सासरे म्हणाले. "दोघंही निम्मे निम्मे खूश." स्वतःच्याच विनोदाला हसले आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत ती त्यांची पाठ चोळत राहिली. हाताखाली बरगड्या लागत होत्या. तिला त्या क्षणी साहेबांचा, ताईंचा आणि पळून गेलेल्या नवऱ्याचा, तिघांचाही सारखाच संताप आला.

"काढूनच टाकते," ती म्हणाली. "खोली लख्ख करते आणि भिंत आहे तशी दाखवते. ताईंना टापटीप दिसेल, साहेबांना ओल. खोटं कुठेच नाही."

हिशेब चोख होता. तिला बिचारीला एवढंच ठाऊक नव्हतं की दोन्हीकडच्या मंडळींचं नुकतंच एक शिबिर झालं होतं. आपसात समन्वय वाढावा म्हणून तिथे त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं की आपल्या चष्म्यातून बघणं सोडा, समोरच्याच्या नजरेने बघायला शिका. आणि दोघंही भारी गुणी विद्यार्थी निघाले.

पाहणीच्या दिवशी फरशीत तोंड दिसत होतं. पडदा घडी करून मशीनवर ठेवलेला, सासरे घडीच्या शर्टात कॉटवर ताठ बसलेले. साहेबांनी यंत्र पिशवीतून काढलंच नाही. ते त्या लख्ख फरशीवर उभे राहिले आणि बुरशीकडे बघून त्यांनी मान हलवली.

"निगा नाही," साहेब म्हणाले. "भिंत या थराला जाऊ दिलीत तुम्ही? उद्या नव्या घराचंही हेच कराल. संस्थेचा विचार करायला हवा मला."

"अहो साहेब, ओल वरच्या नळातून येते. घरमालक लक्ष देत नाही. तुम्हीच तर मागे यंत्र लावून..."

"ते आमच्या बाजूने बघितलं होतं," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले.

टेलरबाईने आशेने ताईंकडे पाहिलं. ताईंना फरशी दिसली नाही, डब्यांची रांग दिसली नाही, धुतलेली चादर दिसली नाही. त्या एकेका भिंतीला हात लावून बघत होत्या.

"तीन भिंती कोरड्या आहेत की," ताई म्हणाल्या. "हवा येते, उजेड आहे. याहून वाईट अवस्थेत लोक राहतात हो. कार्यालयाच्या बाजूने पाहिलं तर ही तातडीची गरज म्हणता येत नाही."

"ताई, त्या तीन भिंतींना कॉट लागत नाही. बाबा या भिंतीपाशी झोपतात. त्यांच्या छातीचं तुम्हाला सांगितलंय मी."

"हो, वाईट वाटतं ना," ताई म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर वाईट वाटत असावं, कारण कॉटकडे न बघता त्या पुन्हा कोरड्या भिंतीकडे वळल्या.

साहेब म्हणाले, ताईंनी आमची बाजू किती नेमकी पकडली. ताई म्हणाल्या, साहेबांनी आमच्या मनातलंच बोलून दाखवलं. एकमेकांचा असा मान राखत दोघं दारापर्यंत गेले. जाता जाता ताईंची नजर मशीनवर गेली.

"पडदा का काढलात? किती सुंदर होता!"

सासरे कॉटवरून पुढे झुकले. "तुम्हाला आमचं घर नीट दिसावं म्हणून," ते म्हणाले. ताई ओशाळं हसल्या.

नकार फोनवर आला. पुढच्या टप्प्यात नक्की बघू, असं ताई म्हणाल्या, आणि मग जरा चाचरत एक काम सांगितलं. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते. खिडक्यांना पडदे हवे होते, अगदी तिच्या त्या पडद्यासारखे. काम स्थानिक बाईला द्यावं असं दोन्ही बाजूंनी एकमताने ठरलं होतं. पहिल्यांदाच त्यांचं तिच्याबाबतीत काही चांगलं ठरलं होतं. फोन आपटावा असं तिला वाटलं. पण हिवाळा तोंडावर होता आणि औषधं फुकट मिळत नव्हती. "शिवते," ती म्हणाली.

पडदे लावायलाही तीच गेली. स्टुलावर चढून शेवटच्या घरातला पडदा अडकवला, खाली उतरली आणि सवयीने भिंतीला तळहात टेकवला. मग पलीकडच्या भिंतीला. मग उरलेल्या दोन्हींना. कॉट कुठेही टाका, चालली असती.

घरी आली तेव्हा सासरे पडून होते. बोलायला त्यांना आता मधे मधे थांबावं लागत होतं.

"कशा आहेत गं तिथल्या भिंती?"

"कोरड्या, बाबा. चारही."

सासऱ्यांनी शेजारच्या भिंतीवरून हात फिरवला आणि ओला हात चादरीला पुसला.

"मग तिथे पडदे कशाला हवेत त्यांना?"

टेलरबाईने घरचा तो जुना पडदा उचलला, आणखी चार घड्या घातल्या आणि त्यांच्या पाठीच्या आणि भिंतीच्या मधे सरकवला. सकाळपर्यंत तोही भिजला होता.