खालचा बर्थ

टायपिस्टबाईंची अख्खी नोकरी कोर्टात गेली होती. माणसं एकमेकांना कशी गंडवतात, हे साक्षीदारांच्या तोंडून ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं, हेच त्यांचं काम. त्यामुळे निवृत्तीनंतरही कोणी जरा गोड बोललं, की बाईंच्या मनात पाल चुकचुकायची.

धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या तिच्याकडे निघाल्या होत्या. गाडी सुटली तोच एक पन्नाशीचा किरकोळ माणूस समोर येऊन उभा राहिला.

"ताई, एक विनंती होती. माझा बर्थ वरचा आहे. सोफे-खुर्च्या शिवतो मी, जन्मभर जमिनीवर बसून गुडघ्यांची वाट लागलीय. खालचा मला दिलात तर उपकार होतील."

"मला तरी कुठे वर चढता येतंय!" बाई म्हणाल्या. हे धादांत खोटं होतं. घरी त्या स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायच्या. पण बॅग खालच्या बर्थखाली होती, आणि तिच्यापासून लांब जायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या.

"बरं, राहू द्या," म्हणत तो त्यांच्याच बर्थच्या टोकाला बसला. दिवसा वरच्याला खाली बसायचा हक्कच असतो, त्यामुळे बाईंना काही बोलता येईना. त्यांनी पर्स मांडीवर ओढली. समोरच्या बर्थवर एक जोडपं होतं. नवरा बूट काढून पसरला होता, बायको विणकाम करत होती.

थोड्या वेळाने बाईंच्या लक्षात आलं, की शिवणकामवाल्याची नजर खिडकीबाहेर नाहीच. तो सारखा वाकून बर्थखाली बघतोय.

"ताई, तुमची ती बॅग..."

"माझ्या बॅगेचं मी बघेन."

त्याने पुन्हा खाली बघितलं, पुन्हा तोंड उघडलं. "अहो, मी काय म्हणतो..."

"काही म्हणू नका. माझं डोकं दुखतंय."

समोरच्या बायकोने विणकामावरून डोळे वर केले. बाईंनी तिला भुवईनेच खूण केली. तिनेही आपली पिशवी पायाने जवळ ओढली. संशय असा न बोलता डबाभर पसरतो.

जेवणानंतर गाडीच्या झुलण्याने बाईंचा डोळा लागला. पायाला काहीतरी घासलं म्हणून दचकून जाग आली, तर शिवणकामवाला जमिनीवर एक गुडघा टेकून बसलेला, त्याचा हात बाईंच्या बॅगेवर, आणि बॅगेची चेन वीतभर उघडी.

"चोर! धरा त्याला!"

डबा जागा झाला. समोरच्या नवऱ्याने त्याचा दंड धरला. टीसी आला, आणि काही न ऐकता म्हणाला, "आधी तुझी बॅग उघड."

त्याने उघडली. दोन शर्ट, दोऱ्याची रिळं, कात्री आणि एक लांब वाकडी सुई. सुई बघून कोणीतरी "बाप रे!" केलं.

"गादी शिवायची सुई आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आता यांची बॅग बघा. तेल गळतंय त्यातून. या साहेबांच्या बुटांपर्यंत ओघळ आलाय. मघापासून सांगतोय मी. ऐकेनात, म्हणून बॅग उभी करून ठेवत होतो."

टीसीने वाकून बघितलं. खरंच बर्थखाली तेलाचा ओघळ चकाकत होता. बहिणीच्या पाठीला चोळायला घेतलेल्या तेलाच्या बाटलीचं झाकण सुटलं होतं.

"आणि चेन?" बाईंनी विचारलं. आवाज मघासारखा लागला नाही.

"ती उघडीच होती."

बाईंना आठवेना. लावली होती की नव्हती? टीसी खांदे उडवून निघून गेला. समोरचा नवरा बूट पुसत बसला.

दिवे लागल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही खाली झोपा. मी जाते वर."

"तुम्हाला चढता येत नाही ना?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. लोखंडी पायरीला धरून, दात आवळून, एकेक गुडघा उचलत तो वर गेला. सकाळी बाई उठल्या तेव्हा वरचा बर्थ रिकामा होता.

बहिणीने दार उघडलं आणि ती परत पलंगावर जाऊन आडवी झाली. बाईंनी आत जाऊन आधी बॅग उपसली. सगळं तेलकट झालं होतं, गेलं मात्र काहीच नव्हतं.

"अगं, ही माझीच जुनी बॅग ना?" बहीण पलंगावरून म्हणाली. "हिची चेन लावली तरी आपोआप सरकते. मी तर वरून दोरी बांधायचे. तुला सांगितलं नव्हतं?"

बाई खुर्चीत बसल्या. बहिणीने विचारलं, काय झालं म्हणून. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी कोर्टात सांगावं तसं, स्वतःचं खोटंही न वगळता.

"मग तू त्याची माफी नाही मागितलीस?"

"नाही. तेव्हा मला चेनचं माहीत नव्हतं." बाई जरा थांबल्या. "आणि खरं सांगू? माहीत नव्हतं, तोवर माफी मागावी लागत नव्हती, म्हणून बरं वाटत होतं."

बाई उठल्या आणि तेलकट कपडे गरम पाण्यात भिजवायला न्हाणीघरात गेल्या.