पान बत्तीस-तेहेतीसवरची मुलगी

मित्रांनो, मी एक जुना अंक आहे. स्केटबोर्डिंगच्या मासिकाचा अंक. चार चाकांच्या फळीवर उभं राहून घसरायचं, उडायचं आणि बहुतेक वेळा आपटायचं, असा जो खेळ आहे ना, त्याचा. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तूंनी हळवं व्हायचं असतं, उसासे टाकायचे असतात म्हणे. टाकोत बापडे. मी बारा वर्षं एका पत्र्याच्या पेटीत गप्प पडून होतो. आता मला बोलू द्या.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. चौसष्ट पानं, गुळगुळीत कागद आणि मधोमध दोन पिना. मला काढलं सौरभनं. सौरभ मूळचा परभणीचा, हिंजवडीत नोकरीला, जवळच्या जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहायचा. पाच दिवस कॉम्प्युटर आणि उरलेले दोन दिवस स्केटबोर्ड. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी मुळशी तालुक्यात भुकूमला भिवाजी शेडगे यांच्या शेताचा एक तुकडा मागून घेतला आणि तिथे सिमेंटचा एक भलामोठा खोल वाडगा बांधला. त्याच्या काठावरून फळीसकट स्वतःला खाली झोकून द्यायचं आणि समोरच्या काठावर वर निघायचं. भिवाजी त्याला काहील म्हणायचा, कारण गुऱ्हाळातल्या गूळ शिजवायच्या काहिलीसारखाच त्याचा आकार होता. ती काहील बांधून झाल्यावर बारा दिवस तिच्यावर पाणी मारलं ते भिवाजीनं आणि त्याच्या बायकोनं, तुळजाबाईनं. माझ्या चौसष्ट पानांत त्या पाण्याविषयी एक अक्षर छापलेलं नाही. पण ते जाऊ द्या, माझा राग त्याहून मोठा आहे.

काहील तयार झाली आणि परदेशातून दोन व्यावसायिक खेळाडू आले, मार्को आणि कायल. चार दिवस त्यांनी भुकूम डोक्यावर घेतलं. त्यांच्याबरोबर एक फोटोग्राफर होता. तुम्ही माझं आठवं पान बघितलं असतंत तर तोंडात बोट घातलं असतंत. मार्को काहिलीच्या काठाच्या वर हातभर हवेत, फळी पायाला चिकटलेली, चेहऱ्यावर हसू. खरं सांगू? त्या एका फोटोआधी तो अकरा वेळा पडला होता. कोपर सोलून निघालं होतं. तुळजाबाईनं चुलीपुढून उठून येऊन त्याच्या कोपराला हळद भरली. फोटोत त्याचं कोपर पिवळं दिसतं ते त्या हळदीमुळे.

भिवाजीची मुलगी रेश्मा तेव्हा आठवीत होती. सगळ्यांना चहा आणून द्यायची आणि काठावर उभी राहून बघायची. तीन दिवस नुसती बघत राहिली. चौथ्या दिवशी मार्को पाणी प्यायला गेला, तशी हिनं चपला काढल्या, ओढणी कमरेला आवळली, त्याची फळी उचलली आणि काहिलीच्या खोल बाजूला जाऊन उभी राहिली. त्या बाजूला कायलसुद्धा दोनदा विचार करून उतरायचा. तुळजाबाई घरातून ओरडली, “रेश्मे! आगं ए रेश्मे, मरायचंय का तुला? हो मागं!” रेश्मा मागे झाली नाही. गेली खाली, आणि समोरून वर निघाली, अनवाणी, काठाला पाय टेकवून उभी! फोटोग्राफरनं नेमकं बटण दाबलं. कायलनं शिट्टी मारली. सौरभ तर टाळ्या वाजवून वाजवून लाल झाला.

तो फोटो माझ्या मधल्या जोडपानावर आला. पान बत्तीस आणि तेहेतीस. मार्कोला एक पान आणि रेश्माला दोन! खालची पिन बरोबर तिच्या गुडघ्यावर. वेणी उडून अर्ध्या तोंडावर आलेली. छापखान्यातला माणूससुद्धा मशीन थांबवून बघत राहिला होता. मी फुगून गेलो होतो, मित्रांनो.

मग खालची ओळ छापली गेली.

मार्कोच्या फोटोखाली काय होतं ऐका. त्याचं नाव, त्याचा देश, त्याच्या फळीची कंपनी, बुटांची कंपनी, आणि चाकांचं माप, तेही मिलिमीटरमध्ये. कायलच्या फोटोखालीही तेच. आणि रेश्माच्या फोटोखाली इंग्रजीत तीन-चार शब्द, ज्यांचा अर्थ होतो, ‘गावातली एक मुलगी, भुकूम’. बस्स. चाकाचं माप कळलं, पोरीचं नाव कळलं नाही! अहो, चार दिवस तिच्या घरची भाकरी खाल्लीत. तिची आई दिवसभर बोंबलून बोंबलून ‘रेश्मे, रेश्मे’ करत होती, ते अख्ख्या शिवाराला ऐकू गेलं. एकट्या संपादकाच्या, सौरभच्या, कानात काय बोळे होते? मला हात असते तर मी त्या दिवशीच छापखान्यात स्वतःला फाडून टाकलं असतं. पण अंकाच्या हातात काय असतं? जे छापतील ते अंगावर घेऊन फिरायचं.

माझी एक प्रत भिवाजीच्या घरी आली. शेजारची रंभाबाई मला उलटंपालटं करून बघत म्हणाली, “ही तुझी पोर कशावरनं? तोंडबी दिसंना. नाव न्हाई न् गाव.” तुळजाबाई म्हणाली, “गाव हाय की.” नावाचं काय सांगणार?

पुढे जून उजाडला. आमच्याकडे जूनमध्ये शाळेच्या वह्यांना कव्हरं घालतात, आणि गुळगुळीत कागद असला तर सोन्याहून पिवळं, कारण दप्तर भिजलं तरी वही टिकते. तुळजाबाईनं पिना उचकून माझी बाहेरची जोडपानं सोडवली आणि रेश्माच्या धाकट्या भावाच्या, नथूच्या, वह्यांना घातली. मार्को गेला गणिताच्या वहीवर. त्याच्या छातीवर लेबल बसलं, ‘नथू भिवाजी शेडगे, इयत्ता पाचवी, विषय गणित’. वर्गात पोरं ती वही बघायला गर्दी करायची. पुढच्या जूनला आणखी पानं गेली. माझ्या सोळा जोडपानांतली दहा गेली आणि सहा उरली. मला त्याचं वाईट वाटलं का? मुळीच नाही. मधल्या जोडपानापाशी आल्यावर तुळजाबाईनं पिना परत दाबल्या, मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पेटीच्या तळाशी ठेवलं. माझी खरी किंमत त्या बाईला कळली होती.

इकडे रेश्मा थांबली नाही. सौरभचे मित्र पांगले. कुणाचं लग्न झालं, कुणी बंगळूरला गेलं. काहील उरली ती गावच्या पोरांना. रेश्मानं सहा वर्षं तिथे पोरं शिकवली, पोरीसुद्धा. मार्कोनं जाताना दिलेल्या त्या एकाच फळीवर पाळीपाळीनं. मग घरच्यांनी जमीन विकली, जेसीबी आला आणि काहील एका दुपारीत फुटली. त्या जागेवर सोसायटी उभी राहिली. आणि आता गंमत ऐका. त्याच सोसायटीनं यंदा मुलांसाठी स्केटबोर्डचं मैदान बांधलं, जवळजवळ त्याच जागी, आणि फाटकावर पाटी लावली की शिकवायला प्रशिक्षक पाहिजे.

रेश्मा त्याच सोसायटीतल्या बालवाडीत ताई आहे. पाटी वाचून ती कमिटीचे सेक्रेटरी इंद्रजित यांच्याकडे गेली. ते म्हणाले, “तुम्ही? स्केटबोर्ड?”

“व्हय. फळी द्या, आत्ता दाखवते.”

“तसं नाही चालत हो. विम्याचा प्रश्न असतो, बाहेरच्यांना आत उतरू देता येत नाही. काही कागद आहे का? सर्टिफिकेट, बातमी, काहीही. रविवारी मीटिंग आहे, घेऊन या.”

बाहेरच्यांना! जिथे तिच्या आईबापानं बारा दिवस पाणी मारलं, तिथे ती बाहेरची! मला पेटीतून काढताना तुळजाबाई हे सगळं पुन्हा पुन्हा बोलत होती आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाही, पण असता तर गेली असती.

रविवारी सकाळी आम्ही तिघं क्लबहाउसमध्ये गेलो. रेश्मा, तुळजाबाई आणि पिशवीतला मी. इंद्रजित यांच्या शेजारी कमिटीचा आणखी एक माणूस बसला होता. थोडं टक्कल पडलेलं, चष्मा. मी टेबलावर येताच तो ताडकन उठला.

“अरे देवा! हा अंक? हा मी काढला होता!”

सौरभ. ह्याच सोसायटीत फ्लॅट घेऊन राहत होता. मैदानाची कल्पनाही त्याचीच.

मित्रांनो, पुढची दहा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. सौरभनं मला लहान मुलासारखं जवळ ओढलं आणि पान पान उलटत इंद्रजितना दाखवायला लागला. डोळ्यांत पाणी! “हा बघा कायल, काय बॅलन्स होता त्याचा. चाकं बावन्न मिलिमीटरची वापरायचा. आणि हा मार्को, इकडे काठावर बसलाय बघा. कोपरावर ऊन कसं सोनेरी पडलंय!”

“हाळद हाय ती,” तुळजाबाई म्हणाली. “मीच भरली व्हती.”

सौरभ नुसता हसला. ऐकलं की नाही देव जाणे. मग त्याला कळलं की अंक हाताला हलका लागतोय. “मुखपृष्ठ कुठंय? मार्कोचं पान आठ? अहो, ही पानं कुणी फाडली? किती दुर्मीळ अंक आहे हा! माझ्याकडेसुद्धा प्रत नाही.” मग त्यानं मधलं जोडपान उघडलं आणि आवाज खाली आणला. “आणि हा माझा सगळ्यात आवडता फोटो. गावातली एक मुलगी होती. काय उतरली होती ती! कुठे असेल आता, कोण जाणे.”

रेश्मा त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती.

“मीच ती,” ती म्हणाली.

सौरभनं फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. इंद्रजित पुढे वाकून खालची ओळ वाचायला लागले. “पण इथे नाव नाही. नुसतं मुलगी लिहिलंय. चेहराही दिसत नाही. कमिटीपुढे मी हे ठेवू कसं?”

“नाव... राहून गेलं असेल,” सौरभ पुटपुटला. “तेव्हा गडबड होती खूप.”

तेव्हा तुळजाबाई खुर्चीतून उठली. “सौरभ, माज्या हातची भाकरी खाल्लीस तू. चार दीस. पानं कुनी फाडली इचारतुयास ना? मी फाडली. पोरांच्या वह्यांना घातली. आरं, धा रुपयाच्या वहीवरबी पोराचं नाव लिवायला जागा आसती. तुज्या येवढ्या चकचकीत पुस्तकात व्हती का रं जागा? त्या परक्याच्या चाकाचं माप लिवलंस! आन् माजी पोर कोन? गावातली येक!”

सौरभचे कान लाल झाले. मला वाटलं, बारा वर्षं मी जे बोलू शकलो नाही ते ही बाई एका दमात बोलली.

रेश्मानं आईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग पर्स उघडली. नुकतीच शाळा सुरू झाली होती. बालवाडीच्या वह्यांना लावून उरलेला लेबलांचा कागद तिच्या पर्समध्येच होता, कोपऱ्यात फुलपाखरू असलेली लेबलं. तिनं एक सोललं. टेबलावर ठेवून पेननं सावकाश, बालवाडीच्या पोरांसाठी लिहिते तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं. आणि माझ्या त्या इंग्रजी ओळीवर, बरोबर तिच्यावर, चिकटवलं. अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवलं. मग मला सौरभच्या पुढे सरकवलं.

“सर, वाचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा.”

सौरभनं चष्मा सारखा केला. “नाव, रेश्मा भिवाजी शेडगे,” तो वाचायला लागला. “इयत्ता, आठवी. विषय, स्केटबोर्ड.”

“मी होतो तिथे,” तो इंद्रजितना म्हणाला. “हीच होती. मी लिहून देतो, कमिटीला काय पाहिजे ते लिहून देतो. चूक माझी होती.”

इंद्रजितनी ड्रॉवरमधून मैदानाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. रेश्मानं ती उचलली. जाताना सौरभनं दबक्या आवाजात विचारलं, “हा अंक मला मिळेल का गं? नीट जपून ठेवीन.”

“न्हाई,” रेश्मा म्हणाली आणि मला पिशवीत घातलं.

आता मी मैदानाजवळच्या खोलीत, कपाटात असतो. नवीन मूल आलं की रेश्मा आधी एक लेबल काढते, त्याला नाव विचारते, ते लिहून त्याच्या फळीच्या खालच्या बाजूला चिकटवते आणि मगच त्याला फळीवर उभं करते. फळीवर उभं राहायला उशीर झाला तरी चालेल, नाव आधी.

मित्रांनो, जुने अंक जपा, असं मी म्हणणार नाही. खुशाल पानं सोडवा आणि वह्यांना घाला, मला त्याचा राग नाही. माझी विनंती दुसरीच आहे. तुमच्या सगळ्यांच्या खिशात आता कॅमेरा आहे. कुणाचा फोटो काढलात, तर तो खिशात घालण्याआधी त्या माणसाला नाव विचारा. माझ्यावरचं लेबल आता एका कोपऱ्यात सुटायला लागलंय. रेश्मा रोज येता-जाता ते अंगठ्यानं दाबते.