गोड्या विहिरीकाठचा टॉवेल

मी एक टॉवेल. अंगाने जाडजूड, काठाला निळी पट्टी. आत्ता दोरीवर वाळत पडलोय म्हणून बोलायला सवड आहे. एरवी आम्हाला कोण बोलू देतं? तोंड पुसलं की आमचं काम संपलं.

माझा जन्म गिरणीतला. आम्ही हजारो भावंडं एकाच दिवशी कापले गेलो, गठ्ठ्यांत बांधले गेलो आणि समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात जाऊन पडलो. त्या हॉटेलातून समुद्र दिसायचा खूप, पण ऐकू यायचा नाही. पोहण्याच्या तलावाकाठी दिवसभर गाणी लावलेली असायची.

माणसांचे एकेक नमुने मी तिथे पाहिले. उजाडायच्या आत उठून खुर्चीवर मला टाकून जायचे, म्हणजे जागा धरली. मग दुपारपर्यंत फिरकायचे नाहीत. मी आपला एकटा ऊन खात पडलेला. कोणी नुसते ओले हात टिपले तरी मला धुवायला टाकत. एका गृहस्थाने माझ्यावर चप्पल पुसली आणि दुसरा टॉवेल मागवला. खरं सांगतो, वापराने नाही, धुण्यानेच मी झिजलो.

हॉटेलच्या धुलाईखान्यात एक बाई कामाला होत्या, सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. टेकडीपलीकडे एका शांत खाडीवर त्यांचं घर. नवरा होड्यांची डागडुजी करायचा. माझ्या काठाचा धागा सुटला तेव्हा मुकादमाने मला बाद केलं, आणि त्याला विचारून वहिनींनी मला आणि माझ्यासारख्या आणखी काहींना घरी नेलं.

तिथे गेल्यावर मला कळलं, माझ्यावर एवढं पाणी ओतलं जायचं ते कुठून यायचं. हॉटेलने खोल बोअर मारल्यापासून खाडीवरच्या विहिरी मचूळ झाल्या होत्या. गोडी उरली होती एकच. वहिनी आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई, दोघींच्या अंगणांच्या मधोमध. सारी वस्ती तिच्यावर पाणी भरायची.

वहिनींच्या मनात घरातली समुद्राकडची खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायचं होतं. ती चालली असती तर रोज टेकडी चढून परक्यांचं धुणं धुवायला जाणं सुटलं असतं. विहीर सामाईक, तेव्हा जाऊबाईंना विचारणं आलं.

"ठेव पाहुणे," जाऊबाई म्हणाल्या. "पण विहिरीने तळ दाखवला ना, त्याच दिवशी खोलीला कुलूप. मग मला वाईट म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार, ताई."

"म्हणशील. पण मनातल्या मनात म्हण."

पहिले पाहुणे आले ते एक शिक्षिका बाई, त्यांचे यजमान आणि सासूबाई. इतकी वर्षं सुट्टीला हॉटेलातच जायचे. तिथल्या गर्दीला कंटाळले होते. शिवाय जिथे राहायचं तिथल्या माणसांचं आपल्या येण्याने काही भलं व्हावं, असं त्या बाईंच्या मनात होतं.

वहिनींनी घर लख्ख केलं. आणि इथेच गाडी घसरली. त्यांना हॉटेलातला पाहुणचार माहीत होता तो धुलाईखान्याच्या खिडकीतून पाहिलेला. वाटलं, पैसे देणाऱ्या माणसाला तसंच लागत असणार. त्यांनी माझी मान मुरगाळून हॉटेलातल्यासारखा हंस केला आणि पलंगावर बसवला. सासूबाई आत आल्या, माझ्याकडे बघत राहिल्या.

"सूनबाई, हे बदक मोडायचं का गं? मग अंग कशाने पुसू?"

पुढे तर कहरच. पाहुणे समुद्रावरून आले की ताजे टॉवेल. चादरी रोज नव्या. अंघोळीच्या बादल्या भरलेल्या, पाय धुवायच्या वेगळ्या. रहाटाला उसंत नाही.

"त्यांनी मागितलं का एवढं?" नवरा म्हणाला.

"मागावं लागलं तर तो पाहुणचार कसला?"

त्यात वहिनींचा नेम. नवरा मोठ्या दुखण्यातून उठला तेव्हा त्या देवाला बोलल्या होत्या, दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणणार नाही. तो त्यांनी कधी मोडला नव्हता.

तिसऱ्या सकाळी बादली वर आली ती अर्धी, आणि गढूळ. काठावर जाऊबाई उभ्या, मागे कळश्या घेऊन बायका.

"काय गं, हंस पोहायला सोडायचेत का विहिरीत?" जाऊबाई म्हणाल्या.

वहिनींचा चेहरा उतरला. "ताई, पाहुण्यांना पाणी नाही असं कसं सांगू? नेम मोडेल माझा."

"तुझा नेम पाणी द्यायचा आहे, सांडायचा नाही. आणि या बायका कुणाच्या दारी आल्यात?"

वहिनींनी रहाटाला हात घातला. उरलेलं पाणी आधी त्या कळश्यांत गेलं. मग मला खांद्यावर टाकून त्या खोलीकडे गेल्या. उंबऱ्यातच सगळं सांगितलं, विहिरीचं आणि कुलपाचंही. मान खालीच होती.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "अहो, आमच्याकडे एक टॉवेल आठवडाभर चालतो. तुम्ही दिवसातून तीनदा बदलताय. आम्हाला वाटलं, आमच्या अंगाला वास येतोय."

वहिनींना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"हे आम्ही आल्याआल्या विचारायला हवं होतं," शिक्षिका बाई म्हणाल्या. "आता सांगा, किती पाण्यात भागवू?"

"माणशी एक बादली. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

त्या दिवसापासून त्यांचे यजमान स्वतः रहाट ओढायचे, मोजकंच पाणी काढायचे. मला कोणी धुवायला टाकलं नाही. सासूबाई रोज मला झटकून दोरीवर घालायच्या आणि तिथेच बसून जाऊबाईंशी गप्पा मारायच्या. दोन दिवसांत झऱ्याने विहीर पुन्हा भरत आणली. वहिनींनी भीतभीत विचारलं, "ताई, मग कुलपाचं काय?"

"शोधतेय केव्हाची," जाऊबाई म्हणाल्या, "सापडत नाही मेलं."

खोली आजही चालू आहे. वहिनी धुलाईखान्यात जात नाहीत. पाहुण्यांना दारातच सांगतात, विहीर सगळ्यांची आहे, बादली एक आणि टॉवेल एक. कोणी एखादा परत फिरतो. बाकीचे राहतात.

हॉटेल अजून तिथेच आहे, आणि मचूळ विहिरी मचूळच. मी एक टॉवेल, माझ्याने त्या गोड व्हायच्या नाहीत. तुमच्याने काही होईल, अशी आशा मात्र आहे. सुट्टीला निघाल तेव्हा खोलीतून समुद्र दिसतो का, हे जरूर विचारा. त्याबरोबर एवढंही विचारा, की इथलं पाणी कुठून येतं, आणि आम्ही वापरल्यावर कुणाला उरतं.

माझं आता फार राहिलं नाही. मधोमध विरलोय. वहिनी म्हणत होत्या, पुढच्या महिन्यात याचं पायपुसणं करू. होऊ दे. दारात पडलेला असेन. याल तेव्हा पायाची वाळू माझ्यावर झटका आणि सावकाश आत या.