सोयऱ्याचा व्हॉल्व्ह

लग्न मोडायला माणसांना कारणं कमी पडत नाहीत. कुणाचं मानपानावरून मोडतं, कुणाचं पत्रिकेवरून. एकाचं तर मटणात मीठ कमी पडलं म्हणून मोडल्याचं पोलादपुरात अजून सांगतात. पण पंपाच्या व्हॉल्व्हवरून लग्न मोडायची वेळ सगळ्या पंचक्रोशीत फक्त सुधीरवर आली. सत्याण्णव सालची गोष्ट.

सुधीर आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीतला. वडील लवकर गेले. आई धोंडूबाईनं म्हशींच्या दुधावर आणि वरकस जमिनीतल्या नाचणीवर त्याला आयटीआयपर्यंत शिकवलं. पुढे त्याला दूर समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात नोकरी लागली. वाडीतली बाकीची पोरं मुंबईला गोदीत नाहीतर हॉटेलांत, त्यामुळे सुधीर नेमकं करतो काय याबद्दल लोकांना मोठं कुतूहल. धोंडूबाई विचारणाऱ्याला सांगायची, "पानी तापवतो. पगार बरा हाय." तसं पाहिलं तर यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

सुधीरचा स्वभाव तपासणाऱ्याचा. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढून बघायचं. त्याच्या उलट सुनील. सुनील वरंधचा, आयटीआयपासूनचा दोस्त, आणि नोकरीलाही त्याच केंद्रात. हसतमुख, झटपट कामाचा, "होतंय रे" हे त्याचं पालुपद. सुनीलला धाकटी बहीण होती, ज्योती. महाडला बारावी झालेली, तोंडाची फटकळ. "माझ्या बहिणीला तुझ्यासारखा कुलूप ओढणाराच पायजे," असं म्हणून सुनीलनंच स्थळ सुचवलं. साखरपुडा झाला, वैशाखातली तारीखही धरली.

आणि फाल्गुनात ते व्हॉल्व्हचं झालं.

केंद्रात दोन मोठे पंप नुसते उभे असत. रोज त्यांना काम नसे. अणुभट्टीला थंड ठेवणारं नेहमीचं पाणी कधी थांबलंच, तर या दोघांनी धावून जायचं, एवढ्यासाठी ते होते. ते खरंच धावतील ना, हे बघायला दर महिन्याला त्यांची चाचणी होई. चाचणीपुरता भट्टीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, पंप चालवून बघायचा, आणि काम झालं की व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा. सगळी गंमत त्या शेवटच्या कामात.

त्या महिन्यात चाचणी सुनीलनं घेतली होती. नंतर बऱ्याच दिवसांनी सुधीर फेरी मारत पंपापाशी आला आणि थबकला. व्हॉल्व्ह उघडा असला की त्याचा दांडा फिरवायच्या चाकाच्या वर वीतभर दिसतो. इथं दांडा दिसत नव्हता. म्हणजे व्हॉल्व्ह बंद. म्हणजे इतके दिवस पंप तयारीत उभा होता, पण त्याचं पाणी भट्टीपर्यंत पोचलंच नसतं.

सुधीर तिथं जरा वेळ उभा राहिला. चाक हाताशी होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मग तो वळला आणि कंट्रोल रूममध्ये जाऊन त्यानं सांगितलं.

शिफ्टचे साहेब स्वतः आले. त्यांनी पाहिलं, मान हलवली, आणि शेजारच्या दुसऱ्या पंपाकडे गेले. त्याचाही दांडा खालीच होता. साहेबांनी हेल्मेट काढलं, डोकं पुसलं, पुन्हा घातलं. अडचणीला धावून येणारे दोघेही दाराला बाहेरून कडी लागल्यासारखे बसून होते. नेहमीचं पाणी तेवढं या दिवसांत थांबलं नाही, हे सगळ्यांचं नशीब.

सुनीलला शिफ्टवरून काढून नव्या भरतीच्या पोरांबरोबर पुन्हा शिकायला बसवलं. बढती होणार होती, ती वर्षभर लांबली. त्यानं सुधीरशी बोलणं टाकलं, कँटीनमधलं टेबल बदललं, आणि रजा टाकून वरंधला निघून गेला. थोड्याच दिवसांत पोलादपूरच्या किराणा दुकानातल्या फोनवर धोंडूबाईला निरोप आला. सुनीलच्या वडिलांचा, आबाजींचा. "जावयाला घेऊन या. बोलायचं हाय."

सुधीर रजा घेऊन आला. मायलेक पोलादपूरहून महाडला, तिथून भोरच्या एसटीनं वरंधला उतरले. वाटेत त्यानं आईला सगळं सांगितलं. दुसऱ्या पंपाचं मात्र स्वतःपाशी ठेवलं. ती ऐकून म्हणाली, "लोकं हुंड्यावरून भांडतात. तू पाण्याच्या चावीवरून भांडलास. निदान नवीन तरी हाय."

आबाजींच्या पडवीत घोंगडी अंथरलेली होती. पाण्याचा तांब्या आला. चहा आला नाही. धोंडूबाईनं सुधीरला कोपर मारलं आणि हळूच म्हणाली, "च्या नाय म्हंजे परकरन गंभीर हाय."

सुनील खांबाला टेकून सुपारी कातरत बसला होता. वर बघत नव्हता.

आबाजींनी घसा साफ केला. "जावईबापू, एक चावी बंद ऱ्हायली. मान्य. ती तुम्ही बघितलीत. तेवढी फिरवून पुढं गेला असतात तर हात झिजला असता काय?"

"तसं चालत नाय मामा," सुधीर म्हणाला.

"का नाय? आमच्या गावच्या टाकीची चावी गणू नेहमी विसरतो. ज्याला दिसंल तो फिरवतो. गाव बुडाला काय?"

"बुडत नाय," धोंडूबाई म्हणाली, "पर आम्ही येताना बायका रिकामे हंडे घेऊन बसलेल्या दिसल्या. त्या गणूचंच नाव घेत व्हत्या."

आबाजींनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. आतल्या दाराच्या चौकटीशी ज्योती उभी होती. तिनं विचारलं, "त्या चावीनं होतं काय पण?"

सुधीरनं सांगितलं. भट्टी बंद केली तरी ती चुलीसारखी विझत नाही, आतून धगधगतच राहते, म्हणून तिच्यावर पाणी राखावंच लागतं. ते थांबलं तर हे पंप.

"आणि चावी बंद असली तर?"

"तर पंप नुसता ओरडतो. पाणी जात नाय."

"लग्नानंतर आपण राहणार ती कॉलनी तिथनं किती लांब?"

"खिडकीतनं केंद्राची चिमणी दिसते."

ज्योती वडिलांकडे वळली. "आबा, मग ही चावी माझ्या खिडकीपर्यंत येतेय."

"तू गप गो," आबाजी म्हणाले, पण आवाज उतरला होता. मग त्यांना एक आधार सापडला. "अगो, पंप दोन असतात. सुनीलनंच सांगितलंय मला. एक अडला तर दुसरा हायच. म्हंजे धोका कुठं होता? मग सोयऱ्याला खाली बघायला लावायची गरज काय होती?"

सुधीरनं तोंड उघडलं आणि मिटलं. समोर टांगलेल्या कंदिलाकडे तो अशा एकाग्रतेनं बघू लागला की जणू तो विकत घ्यायचा होता. धोंडूबाईनं लेकाकडे बघितलं. "ह्याच्या घशात कायतरी अडकलंय," ती म्हणाली. "लहानपणी दुसऱ्यानं खाल्लेल्या गुळाचा मार खाताना असंच तोंड करायचा."

सुनीलचा अडकित्ता थांबला.

"आबा," सुनील म्हणाला, "दुसरापण बंदच होता."

"कुणी केला?"

"मीच. दोघांची चाचणी एका दमात उरकली. चहाची वेळ झालेली. म्हटलं आल्यावर उघडतो. आल्यावर गप्पा निघाल्या."

आबाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजे ह्यानं ती एक गपचूप उघडली असती..."

"तर दुसरी तशीच राहिली असती. साहेब आले म्हणून सापडली." सुनीलनं पहिल्यांदा सुधीरकडे बघितलं. "मघापासनं वाट बघतोय, आता बोलेल, मग बोलेल. तर हा कंदील बघतोय. अरे, निदान बोलून तरी टाकायचं. तेवढंच मला तुझ्यावर रागवायला बरं पडलं असतं."

"तुझ्या घरात बसून कसं बोलू?" सुधीर म्हणाला.

सुनीलला आबाजी काही बोलले नाहीत, आणि तेच सुनीलला जास्त लागलं. मान खाली घालून तो कातरलेली सुपारी पुन्हा कातरू लागला. शेवटी आबाजी आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "च्या टाक गो."

"दूध सढळ घाल," धोंडूबाई म्हणाली. "लांबनं आलोय, आनि पाहुणचार उशिरा सुरू झालाय."

चहा झाला. आबाजी विहीणबाईंना म्हैस दाखवायला गोठ्याकडे घेऊन गेले, आणि सुधीर-ज्योती अंगणात फणसाखाली उभे राहिले. घरात सगळ्यांनी एकदम कामं काढली, म्हणजे कुणी बघत नाही असं वाटावं.

"बघितल्याबरोबर सांगितलंत?" ज्योतीनं विचारलं.

"नाय. उभा राहिलो जरा."

"का?"

सुधीरनं बुटाच्या टोकानं एक खडा बाजूला केला. "तुझ्यामुळे."

"लग्न मोडेल असं वाटलं?"

"वाटलं."

"आणि तरी जाऊन सांगितलंत."

"हो."

ज्योतीनं विचार केला. "हे मला आवडायला हवं की राग यायला हवा, ते अजून ठरत नाय," ती म्हणाली. "लग्नानंतर सांगीन."

"आणि नाय ठरलं तर?"

"तर सासूबाईंना विचारीन."

"तिला नको. ती तुझीच बाजू घेईल."

"म्हणून तर तिला."

लग्न ठरल्या तिथीला वरंधच्या देवळापुढच्या मांडवात झालं. कानपिळीला सुनील पुढे झाला. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल मानाचा टॉवेल-टोपी घ्यायची, ही रीत. एरवी हात लावल्यासारखं करतात. सुनीलनं कान नीट मुठीत धरला आणि सावकाश फिरवत विचारलं, "दाजी, उघडला काय पूर्ण?"

सुधीरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अजून फेरा बाकी हाय," तो म्हणाला. मांडवातल्या निम्म्या लोकांना विनोद कळला नाही, तरी तेही हसले.

पुढे केंद्रात नियम झाला, की चाचणी एकानं घ्यायची आणि व्हॉल्व्ह उघडला की नाही ते दुसऱ्यानं जाऊन बघायचं. सुनील शिफ्टवर परत आला तेव्हा हा दुसरा म्हणून त्यानं सुधीरलाच मागून घेतलं. त्याचं कारण विचारल्यावर साहेबांना म्हणाला, "दुसरा कुणी नुसता बघेल. हा ओढून बघेल." वर्षानं त्याची बढतीही झाली. तोवर दोघांची भांडणं चालूच होती. सुधीर चाकाशी अर्धा अर्धा तास उभा राहतो आणि चहा निवतो, ही सुनीलची तक्रार, आणि चहासाठी तुला अणुवीज केंद्रच सापडलं का, हा सुधीरचा सवाल.

रविवारी सुनील बहिणीकडे जेवायला येई. ताटावर बसल्यावर व्हॉल्व्हचं बोलणं काढायचं नाही, असा ज्योतीनं कायदा केला. तो कायदा भाकरी वाढून होईपर्यंत टिकायचा.