मी हरवलो नव्हतो, ड्रॉवरातच होतो

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी हरवलो नव्हतो. ठाकूरद्वारला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पडून असलेला मी जुना रबरी शिक्का. माझ्या अंगावरची अक्षरं उलटी, पण कागदावर मी सुलटच बोलतो. आमच्या मालकांचं, रमाकांत सरांचं, नेमकं याच्या उलट निघालं.

गिरगावातल्या एका कारागिराने मला घडवलं. सागवानी मूठ, रबरावर सरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक. किती चाळींच्या नकाशांवर उमटलो असेन, देव जाणे. खंडेनवमीला सर मला पाटावर ठेवून झेंडूचं फूल वाहायचे आणि म्हणायचे, "हा माझा शब्द आहे." मी फुलून जायचो. वेडा होतो.

माझी खरी काळजी घेतली ती दीपिकाने. अँटॉप हिलवरून यायची पोरगी. सहा वर्षं ऑफिसचं निम्मं काम एकटी ओढत होती. माझ्या अक्षरांत शाई साठली की टाचणीने हळूच कोरून काढायची.

तिला परदेशात काम करायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ती वाटा शोधत बसे. आधी तिथे शिकायला जायचं, की तिथे कायमचं राहू देणाऱ्या गुणांच्या यादीत नंबर लागायची वाट बघायची, की थेट नोकरी मिळवून कामाचा व्हिसा घ्यायचा? शेवटी मेलबर्नच्या एका ऑफिसने तिला नोकरी देऊ केली. व्हिसाच्या कागदांसाठी त्यांना अनुभवाचं पत्र हवं होतं, सही-शिक्क्यानिशी, शुक्रवारच्या आत. नाही आलं तर जागा दुसऱ्याला.

सरांनी तिने आणलेला पेढा खाल्ला, पत्रावर झोकात सही ठोकली. मग खिसे चाचपले. "अगं, शिक्का कुठे गेला?"

आणि मी? मी त्यांच्याच ड्रॉवरात, कुलपाआड!

दीपिकाने कपाटं उपसली, टेबलाखाली वाकून पाहिलं. "नवा करून आणू का, सर? तासाभराचं काम."

"छे गं, नोंदणीचा शिक्का तो. आधी पोलिसांत कळवावं लागतं. बघू सोमवारी. तू घरचीच आहेस, तुझं काम अडवेन का मी?"

मला ओरडावंसं वाटलं. पण शिक्क्याला तोंड असलं तरी जीभ नसते.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी मेल आला, जागा दुसऱ्याला दिली. दीपिका कामाला लागली. दुपारी पालिकेत न्यायचे नकाशे गुंडाळताना तिच्या बोटाला जांभळी शाई लागली. ओली. सरांनी मला नुकतंच चोरून त्या नकाशांवर उमटवलं होतं. ड्रॉवर अजून अर्धा उघडाच होता.

"सर, हरवलेल्या शिक्क्याची शाई ओली कशी?"

सर आधी हसले. मग म्हणाले, "तू गेल्यावर हे सगळं कोण बघणार, दीपिका? आण ते पत्र, आत्ता मारतो."

"आता काय उपयोग?" तिचा आवाज फाटला. "घरची म्हणालात ना मला? घरच्यांशी असं वागतात?"

तिने राजीनामा लिहिला, दोन प्रती. एक सरांपुढे ठेवली. "पोच द्या."

सर सवयीने बोलून गेले, "शिक्का..."

तिने ड्रॉवर ओढला, मला उचललं आणि आपल्या प्रतीवर दाबलं. इतका स्पष्ट मी आजवर कधी उमटलो नव्हतो.

माझी अक्षरं कोरणारं आता कुणी नाही. शाई साचून सरांचं नाव बुजत चाललंय; बुजू दे मेलं. मित्रांनो, तुमच्याकडे शिक्का असेल तर त्याला पुसा, जपा. आणि कुणी आपल्या हक्काचा ठसा मागायला आलं, तर शिक्का हरवला असं सांगू नका. आम्ही ड्रॉवरात सगळं ऐकत असतो.