पायरीवरचा टवका

सरोजिनीबाईंनी उभ्या आयुष्यात नासधूस केली ती एकदाच, आणि तीही परक्या मुलखात जाऊन.

ओहायोतल्या एका लहान गावातलं १९२६ सालचं थिएटर. छताला प्लास्टरचे तारे, रंगमंचावर चढायला संगमरवरी पायऱ्या. १९८३ साली तिथल्या मराठी मंडळानं नाटक बसवलं. प्रयोगाआधी नारळ फोडणारे गृहस्थ आलेच नाहीत. "बाईनं फोडू नये" असं सांगणारे मात्र चौघे हजर. सरोजिनीबाईंनी पदर खोचला आणि पायरीवर नारळ असा आपटला की संगमरवराचाही टवका उडाला. मंडळाचे सेक्रेटरी त्यांचेच यजमान, मनोहरपंत. थिएटर पुन्हा मिळणार नाही या भीतीनं त्यांनी कुणापाशी ब्र काढला नाही.

आता २०१४ साल. सरोजिनीबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मनोहरपंत सिंगापुरात, क्लेमेंटीत मुलाच्या फ्लॅटवर राहत. तिथं एक दिवस त्यांना इंटरनेटवर त्या थिएटरचा इतिहास सापडला. पायरीचा फोटो होता आणि खाली ओळ होती : टवका बहुधा बांधकाम करणाऱ्या कामगाराच्या हातोड्याचा. बायकोच्या हाताची जगात एवढी एकच खूण, आणि तीही भलत्याच्याच नावावर! मनोहरपंतांनी सगळं कबूल करून इतिहास लिहिणाऱ्यांना ईमेल धाडली.

उत्तर फार सभ्य आलं. थिएटर वसंतातच पाडलं, पायऱ्या राडारोड्यात गेल्या. आधी कळतं तर तेवढा दगड ठेवला असता. पत्नीचं नाव मात्र नक्की घालू. मनोहरपंतांना नाव नको होतं, टवका हवा होता. एकतीस वर्षं आपण मूग गिळून बसलो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

गणपतीच्या सकाळी सून क्षिप्रा नेहमीसारखी सिंकमध्ये नारळ धरून सुरीच्या पाठीनं ठोकत होती. खालच्या मजल्यावरून तक्रार येते म्हणून ही रीत सरोजिनीबाईंनीच घालून दिलेली. मनोहरपंतांनी तिच्या हातातून नारळ घेतला, दारापाशी गेले आणि सगळा जीव एकवटून फरशीवर आपटला.

नारळ उसळला आणि गडगडत चपलांच्या रॅकखाली गेला.

नात अवनी धावत आली. खाली वाकून तिनं फरशीवरून हात फिरवला आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"डोन्ट वरी लाह, आजोबा! बघा, काहीच झालं नाही."

मनोहरपंत तिथंच दारात बसले आणि हुंदके देऊन रडू लागले.